उपयोगिता प्रमाणपत्र

कंपूच्या रस्त्यावरच्या जुन्या चुंगीत
आता अकरा संगणक आहेत.
नऊ चालतात.
दहावा थंडीत चालत नाही.
अकराव्याचा माऊस चंबळेतल्या घडियालसारखा,
तासभर निपचित,
आणि हलला की एकदम पडद्याच्या पार.

पूर्वी इथं गुळाच्या ढेपा थांबवत, तिळाची पोती थांबवत,
तोलत, पैसे घेत, मग शहरात सोडत.
तराजूचा आकडा अजून छताला आहे.
आम्ही त्याला राउटर टांगलाय.

एकतीस मार्चच्या आत लिहून द्यायचं:
प्राप्त रक्कम. खर्च रक्कम. शिल्लक.
लाभार्थी: पुरुष, स्त्री, अन्य.
आणि खाली, योजनेची फलनिष्पत्ती, एका ओळीत.
ओळ मी पट्टीनं मोजली.
नऊ सेंटिमीटर.

यात कुठं बसवू रामकली कुशवाहला,
जिनं गजक कुटायच्या हातानं
पहिल्याच दिवशी स्पेसबार असा दाबून धरला
की पानामागून पान कोरंच पळत सुटलं.
‘देखो मैडम, कितना लिख दिया!’
दुकानाची यादी ती आता स्वतः करते.
तिळाचा भाव बोल्ड करते,
उधारी बारीक अक्षरात.

आणि शब्बीरचाचांना?
हजीऱ्याहून दोन टेम्पो बदलून येतात,
पेन्शनचं काम कधीच संपलंय,
तरी मंगळवारी येतात,
नकाशा उघडायला लावतात, आकाशातून काढलेला,
आणि बंद गिरणीचं छप्पर शोधतात.
छप्पर पाडून दोन वर्षं झाली.
फोटोत आहे.
‘इसको अपडेट मत करना, बिटिया.’
ते माझ्या हातात नाही, हे मी अजून सांगितलेलं नाही.

तिसरा हप्ता चार महिने अडकलाय.
आदेशात नाव पिंगले.
बँकेत पिंगळे.
निगमात भदौरिया बाबूंनी कागद उजेडात धरला,
चष्मा कपाळावर नेला.
‘ये कौन सा अक्षर है? हमारे कीबोर्ड में तो है ही नहीं.’
आहे, म्हटलं.
टेबलाला वळसा घालून गेले,
चहाचा ग्लास सरकवला,
शिफ्ट धरा म्हटलं, आणि दाबा तुमचाच ल.

ळ आला.
बाबूंनी पुन्हा दाबला.
ळळळळळळ
वीस वर्षं याच खुर्चीत, म्हणाले,
आणि हा इथंच, बोटाखाली!
शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवला,
शिपायाला दाखवला.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाले,
आमच्या कॉलनीत एक काळे होते.
जन्मभर आम्ही त्यांना काले म्हणालो.
कधी बोलले नाहीत.

फाईल आता वर गेली आहे.
वर म्हणजे कुठं, ते भदौरियांनाही माहीत नाही.
जानेवारीचं वीजबिल मी भरलंय,
फेब्रुवारीचं अर्धं.
ते कुठल्या रकान्यात लिहितात?

आठला बंद करायचं.
दिवे, पंखे, संगणक, राउटर:
नियमावलीत याच क्रमानं आहे, पान तीन.
बाहेर पायरीवर वीरभान बसलेला असतो
दूध घालून आलेला, रिकाम्या किटल्या सायकलला,
फुटक्या काचेच्या फोनवर त्याचा गणिताचा मास्तर
फळ्यावर काहीतरी घाईनं लिहीत.
त्याचं नाव नोंदवहीत नाही.
तो कधी आत आलेला नाही.

मी दिवे घालवते.
पंखे. संगणक.
शटर ओढते, कुलूप दोनदा हिसकून बघते.
राउटर विसरते.

काल विसरले होते.
परवाही.